उसने कान

मंगळवार, ३ मार्च

गचकला! मालकिणीच्या डोळ्यांदेखत लॅपटॉप गचकला. एक गाणं संपत आलं होतं, दुसऱ्याचा व्हिडिओ मी त्यात मिसळत होते, आणि भिंतीवर गायिकेचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आवाज पुढे गेला, चित्र मागे. मग आवाजही अडखळला — ट-ट-ट-ट — आणि सगळं ठप्प.

हॉल मालकिणीचा. भिंतभर पडदाही तिचाच, नवा कोरा. आता नुसती गाणी नकोत, गाण्यांचे व्हिडिओ नाचत नाचत एकमेकांत जायला हवेत, ही तिची हौस. खुर्चीत बसून सगळं बघत होती. म्हणाली, "एकवीसला पडद्याचं उद्घाटन आहे गं. तेव्हा असं झालं तर?"

"लॅपटॉप म्हातारा झालाय, बदलते," म्हटलं.

"बघ बाई. नाहीतर मला दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागेल." हे सगळं गोड आवाजात! ओरडणाऱ्या माणसाला मी भीत नाही, दोन शब्द जास्तच ऐकवते. हे गोड बोलणारेच घात करतात.

बुधवार, ४ मार्च

इथे कोण वाचतंय — लिहूनच टाकते.

लॅपटॉपचं काय, तो बदलता येतो. माझे कान जातायत. सगळे नाही, वरचे आवाज. बारीक, टोकदार आवाज. ड्रमवरच्या झांजेची चिक-चिक, मायक्रोवेव्हचं टूंऽ, खिडकीतल्या पाखरांचा कलकलाट — हे माझ्यापुरतं बंद. माणसं बोलतात ते कळतं, पण शब्दांच्या कडा झिजल्यासारखं. नवरा तर मुळातच पुटपुट्या. तो म्हणतो, "तुझं लक्ष नसतं." मी म्हणते, "तुझं तोंड नसतं." भांडणात निभावून जातं.

हॉलवर कसं निभावते? डोळ्यांनी. गाण्याची लाट लॅपटॉपच्या पडद्यावर दिसते, तिच्याखाली दुसऱ्या गाण्याची. उंचवट्याखाली उंचवटा आणला की ताल जुळला. हेडफोन कानाला असतो तो शोभेला. आमच्या धंद्यात अशा माणसाला हसतात, पुस्तक उघडं ठेवून परीक्षा देणारा म्हणतात. पूर्वी मीही हसायचे, मोठ्याने.

थंडीत एकदा गुपचूप डॉक्टरकडे गेले होते. त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला?" म्हटलं, बाबांना होतं, पण ते जन्मभर छापखान्यात यंत्रापाशी उभे राहिले. मी स्पीकरपाशी. ज्याचं यंत्र त्याला बाधलं. डॉक्टर नुसतंच "हं" म्हणाले. "पुन्हा या, सविस्तर तपासू." नाही गेले. एकदा निदान झालं की कुणीतरी विचारणार, कुणाला तरी कळणार, आणि बहिऱ्या डीजेला कोण बोलावतं? झाकली मूठ बरी.

म्हणून व्हिडिओचं काम आलं तेव्हा मी मनातल्या मनात नाचले होते. व्हिडिओ म्हटल्यावर सारखं पडद्याकडे बघावंच लागतं! कुणाला शंका येणार? आणि आता हा लॅपटॉप मला बुडवणार.

शुक्रवार, ६ मार्च

दुरुस्तीवाल्याकडे गेले. टेबलावर पाच-सहा लॅपटॉप पोट उघडे टाकून पडलेले. माझा बघून म्हणाला, "याला दुरुस्त करू नका, निवृत्त करा."

मग समजावून सांगितलं. नुसत्या गाण्यांना कुठलाही चालतो. पण दोन व्हिडिओ एकदम चालवायचे, वर एकमेकांत विरघळवायचे, म्हणजे चित्रासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं. मेमरी भरपूर. मोठ्या पडद्याची वायर लागेल असं तोंड हवं, मिक्सरचं वेगळं हवं. "आणि एक सांगतो, त्या पापडासारख्या पातळ लॅपटॉपच्या नादी लागू नका. तापले की स्वतःच स्वतःला हळू करतात. जाडजूड घ्या, आत हवा खेळते."

मी विचारलं, "ऐन वेळी बंद पडणार नाही, याची खात्री?"

"खात्री फक्त बंद पडलेल्याची देता येते."

काय माणूस आहे! हसले, पण घरी आल्यावर तेच वाक्य डोक्यात फिरत राहिलं.

शनिवार, ७ मार्च

आगीतून फुफाट्यात. बुवांनी नवीनच काढलं.

बुवा म्हणजे हॉलचे साउंडवाले. सगळे त्यांना बुवाच म्हणतात. चाळीस वर्षं आवाजात काढली आणि कान असे की पलीकडच्या खोलीत डास शिरला तर सांगतील. हॉलवर मी कुणाला भीत असेन तर या माणसाला. ते जवळ आले की मी हेडफोन घट्ट धरते आणि मान डोलावते.

आज म्हणाले, "ताई, लॅपटॉप घ्याल तो गप्प पंख्याचा घ्या. निवेदनाचा माइक तुमच्या टेबलावरच आहे. पंखा ओरडला तर माइकमध्ये शिरेल आणि सगळा हॉल ऐकेल. हे व्हिडिओवाले लॅपटॉप फार शिट्ट्या मारतात."

"हो, ते बघूनच घेणार," मी म्हटलं.

बघून! कसं बघू? पंख्याची शिट्टी म्हणजे नेमका तोच आवाज जो मला येत नाही. बाकी सगळं लाटांत दिसतं, पंखा कुठल्या लाटेत दिसणार? भिंतींनाही कान असतात म्हणे. उसने मिळतील का?

रविवार, ८ मार्च

दिवसभर तोच विचार. जेवण गेलं नाही. नवरा म्हणाला, "ॲसिडिटी." औषधांच्या दुकानात काम करतो, त्याला सगळं जग ॲसिडिटीच वाटतं.

सोमवार, ९ मार्च

सुचलं! लेकीला नेते.

सतरा वर्षांची आहे, कान कोरे करकरीत. माझ्यासारखी स्पीकरपाशी उभी राहिलेली नाही. मीच येऊ दिलं नाही हॉलवर कधी, कितीदा हट्ट केला तरी. ती ऐकेल, मी फक्त तिचा चेहरा बघेन. कुणाला काही कळायचं नाही.

तिला म्हटलं, "बुधवारी माझ्याबरोबर लॅपटॉप बघायला चल. तुला त्यातलं जास्त कळतं." खूश झाली. "आई, शेवटी मान्य केलंस!" मग अटी सुरू. जुना लॅपटॉप तिला. बाहेर खायचं. मी रंग निवडायचा नाही, कारण माझी आवड भयंकर. तोंड नुसतं इंजिनासारखं चालतं तिचं. आणि काय मोठ्याने बोलते फोनवर, शेजाऱ्यांना तिच्या मैत्रिणींची सगळी लफडी पाठ असतील.

रात्री तिला खरं सांगावं का, हा विचार आला. नको. तिच्या डोळ्यांत कीव दिसली तर मी संपले.

बुधवार, ११ मार्च

घेतला!

सविस्तर लिहिते, नाहीतर झोप यायची नाही. दुकानात दोनच आमच्या कामाचे निघाले. एक काळा, जाड, दुरुस्तीवाल्याच्या वर्णनाबरहुकूम, पण पडदा लहान आणि मळकट. दुसरा राखाडी. त्याचा पडदा! मोठा, लख्ख. मी माझ्या गाण्यांची पेनड्राइव्ह लावली, आणि लाटा अशा स्पष्ट दिसल्या, एकेक ठोका वेगळा काढून ठेवल्यासारखा. मला तोच हवा झाला. डोळ्यांवर पोट आहे माझं.

विक्रेत्याला दोन्हींवर दोन-दोन व्हिडिओ लावायला सांगितले, आवाज बंद करून. तापू दिले. दुकान तसं शांत होतं. मी लेकीला म्हटलं, "नीट कान दे. पंखा ऐकू येतो का बघ."

आधी काळ्यापाशी वाकली. "अगदी थोडं घूं-घूं येतंय." ते तर मलाही येत होतं, जाड आवाज होता. मग राखाडीपाशी वाकली. कान जवळजवळ टेकवलाच. मी श्वास धरून तिच्या तोंडाकडे बघत होते. ती सरळ झाली, खांदे उडवले. "काहीच नाही. एकदम शांत."

तेवढ्यात विक्रेता पचकला. "मॅडम, खरं सांगायचं तर आवाजाला काळा बरा. हा राखाडी जोरात चालला की जरा शिट्टी मारतो."

लेक त्याच्यावर उसळलीच. "कुठे मारतो? मी आत्ता ऐकलं ना!" मला काय जोर चढला! म्हटलं, "अहो, तरुण पोरीला ऐकू येत नाही आणि तुम्हाला येतं? काळा पडून राहिलाय म्हणून खपवताय होय? कान तपासून घ्या तुमचे!"

त्या बिचाऱ्याने खोक्यात राखाडी भरून दिला. लेक रस्ताभर हसत होती. "आई, त्याचं तोंड बघितलंस?" मीही हसले. किती दिवसांनी हसले.

शुक्रवार, १३ मार्च

नवरा दुकानात, लेक कॉलेजात. घरात एकटी, हेडफोन लावून सराव. एकदाही अडकला नाही. दोन व्हिडिओ काय, तीन लावून बघितले. लोण्यासारखं एक चित्र दुसऱ्यात जातं. लाटा तर काय सुरेख!

तरी सगळं सुरळीत चाललं की मला जास्त भीती वाटते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

सोमवार, १६ मार्च

कळलं. बुवांना कळलं.

दुपारी रंगीत तालीम. मालकीण पहिल्या रांगेत. बुवा मागे त्यांच्या टेबलाशी. पहिलं गाणं, दुसरं, तिसरं — भिंतीवर असं काही झळकत होतं की मालकिणीने टाळी वाजवली. मग तिला निवेदनाचा माइक बघायचा होता. गाणं थांबवलं, व्हिडिओ मुके चालू ठेवले. बुवांनी माइक उघडला.

आणि मालकिणीने कानांवर हात ठेवले.

मला काही कळेना. झाडूवाली बाईही वळून बघायला लागली. सगळ्यांचे चेहरे आंबट. माझ्यासाठी हॉल शांत होता! अगदी शांत! पायाखालची जमीन सरकणे म्हणतात ते मला आज कळलं. बुवा ओरडले, "कसली शिट्टी ही? पंखा का तुमचा?"

"हो हो, पंखाच," मी म्हटलं. "मलाही मघापासून त्रास होतोय त्याचा." बघा कशी बोलले! तोंडातून आपोआप निघालं.

मालकीण म्हणाली, "हे चालायचं नाही हं. एकवीसच्या आत बघा," आणि फोन आला म्हणून बाहेर गेली. बुवा माझ्या टेबलाशी आले. लॅपटॉप स्वतःकडे ओढला, खाली वाकले, काहीतरी खुडबुड केली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आता कमी वाटतंय का ताई, की तेवढंच?"

मी कान दिल्याचं नाटक केलं. डोकं तिरपं केलं. "किंचित कमी झालंय. पण आहे."

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडदा काळा. बंदच केला होता त्यांनी.

मी वायर गुंडाळायला घेतली तर बोटांत गुंताच झाला. जाताना बुवा हळूच म्हणाले — हळू बोलले तरी ओठांवरून कळलं — "कधीपासून?"

लॅपटॉप उचलून निघून आले. रस्त्याने रडले. लोक बघत होते, बघू देत.

मंगळवार, १७ मार्च

सगळा राग लेकीवर निघाला.

कॉलेजातून आली तशी धरली. "तुला नीट ऐक म्हटलं होतं ना? एक काम सांगितलं होतं, एक! लक्ष कुठे होतं तुझं? फोनमध्ये?"

"आई, मी ऐकलं होतं."

"काय ऐकलं होतंस? अख्खा हॉल कान धरून बसला! शिट्टी आहे त्याला, शिट्टी! तो विक्रेता बापडा खरं सांगत होता आणि तू त्याला खोटा पाडलास. मला पण पाडलंस."

"नव्हता आवाज! खरंच नव्हता!" म्हणाली आणि डोळे भरले. मला वाटलं, नाटक. म्हटलं, "खोटं बोलू नकोस माझ्याशी." हे मी म्हटलं. मी!

दार आपटून आत गेली. जेवायला आली नाही. नवरा म्हणाला, "यंत्रापायी पोरीला रडवतेस." या वेळी प्रत्येक शब्द नीट ऐकू आला.

संध्याकाळी बुवांचा फोन. तीनदा वाजू दिला, मग घेतला. म्हणाले, "मी मालकिणीला सांगणार नाही. तुमचं तुम्हीच सांगा, एकवीसच्या आधी. डोळ्यांनी करता ना? छान करता. मला काही महिने संशय होता, पण काम खोटं नव्हतं कधी. सांगून करा. लपवून केलंत तर एक दिवस माइक शिट्टी मारत राहील, लोकांना इजा होईल आणि तुम्ही हसत उभ्या असाल."

मी "बरं" म्हटलं. मालकीण काय म्हणेल ते मला माहीत आहे. गोड आवाजात म्हणेल.

बुधवार, १८ मार्च

सांगायला गेले. हॉलच्या पायरीवरून परत आले. उद्या लॅपटॉप बदलून काळा आणायचा, दुकानदार कबूल झालाय. तेवढं तरी करू.

लेक अजून बोलत नाही. ताटावर बसते, जेवते, उठते.

गुरुवार, १९ मार्च

दुपारी राखाडी परत न्यायला काढला. म्हटलं, नेण्याआधी एकदा चालवून खात्री करावी, पुन्हा वाद नको. जेवणाच्या टेबलावर ठेवला, दोन व्हिडिओ लावले, आवाज बंद. पडद्याची पाठ लेकीकडे. ती समोर बसून आंबा चिरत होती, अबोला धरून.

नवरा जेवायला घरी आला होता. बाहेरच्या खोलीतून ओरडला, "अगं, किटली ठेवलीयस का गॅसवर? किती वेळ शिट्टी वाजतेय! बंद कर ना!"

लेकीने चिरणं थांबवलं. स्वयंपाकघराकडे बघितलं, मग माझ्याकडे. लॅपटॉप तिच्या हातापासून वीतभर लांब. अबोला सोडून म्हणाली, "बाबांना काय झालं? आणि आई, लाव की तो एकदाचा. मी ऐकते पुन्हा. या वेळी अगदी नीट ऐकते."

मी तिला जवळ घेतलं. सोडवेना. डॉक्टरांना फोन केला. उद्याची वेळ मिळाली आहे, दोघींची.